कुमपारेला ‘नाही’ कोणी म्हणायचं? फिलिपिन्सच्या एका सहकारी संस्थेतलं थकबाकीचं प्रकरण

डिसेंबर २०२३ अखेरच्या अहवालात या संस्थेची थकबाकी ४.५ टक्के होती. पतसंस्थांच्या जागतिक निकषांत ५ टक्क्यांपर्यंतची थकबाकी ठीक मानतात, त्यामुळे संचालक मंडळ निर्धास्त होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लेखापरीक्षण समितीने कर्जाच्या फायली एकेक करून उघडल्या आणि तोच आकडा १४ टक्क्यांवर गेला. पैसे कोणी खाल्ले नव्हते. पावत्या, सह्या, कर्ज समितीचे ठराव, सगळं जागच्या जागी होतं. चौदा माणसांच्या कचेरीत ही गोष्ट थोडीथोडी प्रत्येकाला ठाऊक होती, पण दीड वर्षात एकाही बैठकीत ती कोणी काढली नव्हती.

प्रकरण लुझोन बेटावरच्या नुएवा एसिहा प्रांतातलं आहे. हा फिलिपिन्सचा भाताचा प्रांत. पांताबांगान धरणाचं पाणी जिथे पोचतं तिथे वर्षाला दोन पिकं निघतात. संस्था बहुउद्देशीय आहे: ठेवी घेते, कर्ज देते, खत विकते आणि पालाय, म्हणजे साळ, खरेदी करते. सभासद २,४००, कर्जांची येणे बाकी १ कोटी ८० लाख पेसो. ही नाव घेऊन दाखवता येईल अशी कुठली एक संस्था नाही. गावोगावच्या अशा संस्थांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका प्रकरणात गुंफल्या आहेत, आणि संस्थेचे आकडे हिशेब उलगडावा म्हणून घेतले आहेत. कायदे, निकष आणि रिवाज मात्र तिथले, जसेच्या तसे.

एक कर्ज, चार वेळा

जून २०२२ मध्ये एका सभासदाने पावसाळी पिकासाठी ८०,००० पेसो उचलले. मुदत सहा महिने, व्याज महिना २ टक्के. माणूस गावात मानाचा, पूर्वी बारांगायच्या, म्हणजे तिथल्या गाव-प्रभागाच्या, कौन्सिलवर असलेला. कर्ज अधिकाऱ्याच्या थोरल्या मुलीचा तो निनोंग, बाप्तिस्म्याच्या वेळी उभा राहिलेला धर्मपिता. या नात्याने तो आणि अधिकारी एकमेकांचे कुमपारे झाले. शिवाय संस्थेत जागा निघाली तेव्हा अधिकाऱ्यासाठी संचालकांकडे शब्द टाकला होता तो यानेच.

सप्टेंबर २०२२ च्या शेवटी कार्दिंग हे वादळ नुएवा एसिहावरून गेलं आणि कापणीला आलेली शेतं आडवी झाली. डिसेंबरात ८०,००० मुद्दल आणि ९,६०० व्याज फेडणं या सभासदाला जमणार नव्हतं, हे उघड होतं. खरं तर तेव्हाच कर्जाचं पुनर्गठन करायला हवं होतं: वादळाचं नुकसान नोंदवायचं, मुदत वाढवायची, फायलीवर तसा शिक्का मारायचा. पण पुनर्गठित कर्ज अहवालात वेगळं दाखवावं लागतं, समितीपुढे कारण मांडावं लागतं आणि त्या माणसाचं नाव चारचौघांत येतं. अधिकाऱ्याने सोपी वाट धरली. आपल्याकडच्या सोसायट्यांत जिला ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात तीच.

९५,००० चं नवं कर्ज मंजूर झालं. त्यातून जुनं मुद्दल ८०,०००, व्याज ९,६००, सेवाशुल्क १,९०० आणि भागभांडवलासाठी कपात १,९०० वळती झाली. हातात रोख आले १,६००. जून २०२३ मध्ये १,१५,००० चं कर्ज, वळते १,११,०००, हातात ४,०००. डिसेंबर २०२३ मध्ये १,३५,०००, वळते १,३४,२००, हातात ८००. संगणकाच्या लेखी हा सभासद तीन वेळा वेळेवर कर्ज फेडणारा उत्तम खातेदार होता. प्रत्यक्षात तीन नवं-जुन्यांत मिळून त्याच्या हाती ६,४०० पेसो पडले आणि ८०,००० चं कर्ज १,३५,००० वर गेलं. कपातीचे ६,९०० त्याच्याच नावे भागभांडवलात गेले, पण ते त्याला सभासदत्व सोडल्याशिवाय मिळणार नाहीत. अधिकाऱ्याला वाटत होतं आपण कुमपारेला सांभाळून घेतोय. त्या सांभाळण्याची किंमत कुमपारेच्याच डोक्यावर चढत होती. २०२३ च्या अखेरीला पालायचे भाव चढे होते. त्या हंगामात नेटाने मागितलं असतं तर निदान व्याज आणि थोडं मुद्दल आलं असतं.

अशी खाती एकूण ३८ निघाली, मिळून १७ लाख १० हजार पेसो. अहवालातले ८ लाख १० हजार धरून २५ लाख २० हजार. शोधणं फार अवघड नव्हतं. लेखापरीक्षण समितीने तीन गोष्टी पाहिल्या: ज्या दिवशी जुनं कर्ज बंद त्याच दिवशी नवं सुरू, नव्या कर्जातून हातात पडलेली रोख मंजूर रकमेच्या दहाव्या हिश्शाहून कमी, आणि परतफेडीची पावती आहे, पण त्या दिवसाच्या कॅशियरच्या रोकड तक्त्यात तेवढी रोख आलेली नाही. तिसरी खूण सगळ्यांत भरवशाची. पहिल्या दोन कधीकधी सरळ व्यवहारातही जुळतात.

पिशवीतून न निघालेलं पत्र

जून २०२३ ची वसुलीभेट फायलीत एका ओळीत आहे: ‘सभासद सहकार्य करणारे, नूतनीकरणास तयार.’ भेट झाली ती अशी. अधिकारी दुपारी चारला मोटरसायकलवर पोचला. कुमारेने, म्हणजे सभासदाच्या बायकोने, कॉफी आणि बिको समोर ठेवला. नारळाच्या दुधात शिजवलेला हा गोड भात मेरिएंदाला, दुपारच्या खाण्याला, घरोघरी असतो. मुलीची शाळा, तिचं इंग्रजी, येणारी फिएस्ता यावर अर्धा तास गेला. मग सभासदच म्हणाला, ‘पारे, तुला तर सगळं ठाऊकच आहे.’ अधिकारी म्हणाला, ‘हो पारे, बघतो मी.’ मागणीचं पत्र पिशवीतच राहिलं. निघताना फाटकाशी सभासदाने अर्धं पोतं तांदूळ गाडीला बांधून दिला, ‘माझ्या इनाआनाकसाठी’, म्हणजे धर्मकन्येसाठी.

इथे लाच शोधणाऱ्याचा पाय घसरेल. तो तांदूळ दर हंगामाला येत होता, कर्ज घेण्याच्या आधीपासून. ही देवाणघेवाण उतांग ना लोओबची आहे: नोकरी, दवाखान्याचं बिल, मयताचा खर्च, मुलाचं शिक्षण अशा अडीअडचणीला कोणी उभं राहिलं की त्याचं जे देणं मनात बसतं ते. त्याचा आकडा नसतो, म्हणून ते फिटतही नाही. ज्याचं असं देणं आहे त्याच्याकडे ८०,००० मागणं म्हणजे ‘आपला हिशेब संपला’ असं सांगण्यासारखं. असं करणाऱ्याला तिथे वालांग हिया म्हणतात, ज्याला लाजच नाही असा. नोकरीतली बढती गेली तरी चालेल, पण गावात हे नाव नको.

आणि कचेरीतल्या बाकीच्या तेरांचं काय? कॅशियरला पावती आणि रोकड जुळत नाही हे दिसत होतं. तिने एकदा अधिकाऱ्याला विचारलं, ‘कुया, म्हणजे दादा, हे असंच ठेवायचं का?’ तो म्हणाला, ‘मॅनेजरना माहीत आहे.’ मॅनेजरला अर्धंच माहीत होतं. कॅशियर वयाने आणि नोकरीने लहान. वरचढ होऊन पुढे जाणं पाकिकिसामात, गटाबरोबर जुळवून राहण्यात, बसत नव्हतं. सोमवारच्या बैठकीत मॅनेजर विचारायची, ‘काही अडचण?’ आणि सगळे म्हणायचे, ‘काही नाही पो.’ हा ‘पो’ आदराचा आहे. बैठकीतला ‘ओपो’, हा आदराचा होकार, म्हणजे ‘तुमचं ऐकलं’. त्याला ‘पटलं’ समजणारा मॅनेजर हमखास फसतो.

कायद्याच्या जाळीतून सुटणारं नातं

फिलिपिन्सची सहकार संहिता, प्रजासत्ताक कायदा क्रमांक ९५२०, फेब्रुवारी २००९ मध्ये मंजूर झाली. तिच्यात नातेवाईकांबद्दल स्पष्ट कलम आहे: तिसऱ्या अंशापर्यंत, म्हणजे साधारण काका-पुतण्यापर्यंत, रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असलेल्या दोन व्यक्ती एकाच संस्थेत नियुक्त अधिकारी असू शकत नाहीत, संस्थेशी हितसंबंधांचा टकराव असलेली व्यक्तीही नाही. कलम चांगलं आहे. पण कुमपारे रक्ताचा नाही, लग्नाचा नाही. पाद्र्यासमोर पाच मिनिटांत जोडलेलं हे नातं कायद्याच्या मोजमापात शून्य आणि गावाच्या मोजमापात चुलत भावाच्या वर. एका बाळाला आठ-दहा निनोंग-निनांग, म्हणजे धर्मपिते-धर्ममाता, असणं नवलाचं नाही, लग्नात त्यांच्या जोड्याच्या जोड्या उभ्या राहतात. छोट्या गावात दहा-पंधरा वर्षं काढलेल्या कर्मचाऱ्याचे कुमपारे मोजायला बसलं तर अर्धी कर्जवही भरते.

अभ्यासकांत या वागण्यावर जुना मतभेद आहे आणि तो या प्रकरणात थेट कामाचा आहे. मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठातले जेझुइट मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक लिंच यांनी १९६० च्या दशकात मांडलं की संबंध सुरळीत राखणं हे फिलिपिनो माणसाचं मोठं मूल्य आहे. पुढच्या दशकात फिलिपिनो मानसशास्त्रज्ञ विर्हिल्यो एन्रिकेस यांनी त्याला हरकत घेतली: जुळवून घेणं ही वरची साल झाली, गाभा आहे काप्वा, समोरचा आणि मी एकच आहोत ही जाणीव. लिंच यांचंच धरलं तर उपाय सुचतो तो कर्मचाऱ्यांना खमकं करण्याचा. एन्रिकेस यांचं धरलं तर वेगळा प्रश्न पडतो: या अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर काप्वा म्हणून कोण आहे? कुमपारे समोर बसून कॉफी पाजतोय. ज्या म्हातारीने पेन्शनमधले पैसे ठेवीला टाकलेत ती कुठेच दिसत नाही. आमच्या मते या संस्थेची अडचण इथे होती. माणसं नातं जपणारी होती हा दोष नव्हेच. ज्याच्यावर देणं आहे त्यालाच नकार द्यायला बसवलं होतं, हा कामाच्या रचनेचा दोष होता.

फसलेले दोन उपाय

आकडा बाहेर आल्यावर मॅनेजरने घाईने दोन गोष्टी केल्या.

पहिली, थकबाकीदारांची नावं आणि रकमा फलकावर. हिशेब असा की हिया, म्हणजे लोकलाज, इतकी प्रबळ आहे तर तिलाच कामाला लावू. तीन आठवड्यांत यादीतल्या दोघांनी पैसे भरले. उरलेले संस्थेच्या रस्त्याने जायचे थांबले. पाठोपाठ त्यांच्या बहिणी, मेहुणे, शेजारी बचत काढायला आले. कोणी भांडलं नाही, सगळ्यांनी हसून पैसे मागितले. हाच तांपो, जवळच्या माणसावरचा अबोल रुसवा, आणि तो संस्थेला भांडणापेक्षा महाग पडतो. हिया माणसाला ओशाळवाणं होण्यापासून दूर ठेवते. एकदा ते घडूनच गेलं की वाचवायचं काही उरत नाही आणि पैसे भरण्याचं कारणही जातं. शिवाय २०१२ चा माहिती गोपनीयता कायदा आहे, आणि कर्जव्यवहारातल्या व्यक्तिगत माहितीबद्दल राष्ट्रीय गोपनीयता आयोगाचं २०२० चं परिपत्रकही. फलक पंचविसाव्या दिवशी उतरवला.

दुसरी गोष्ट, वसुलीवर वैयक्तिक बक्षीस: आणलेल्या रकमेच्या ३ टक्के. पहिल्या महिन्यात एका कर्मचाऱ्याने ९,००० कमावले. दुसऱ्या महिन्यात सगळ्यांची वसुली जवळजवळ सारखी झाली. ज्याच्याकडे जास्त येत होतं तो आपल्या पावत्या दुसऱ्याच्या नावावर टाकत होता. एकट्याने पुढे जाण्याची शिक्षा त्याला जेवणाच्या टेबलावर मिळत होती. पाकिकिसामा इथे बक्षिसापेक्षा भारी ठरला.

दरम्यान सभासद पैसे फेडत होतेच, पण ‘फाइव्ह-सिक्स’वाल्याचे. पाच घ्या, सहा द्या, असा हा सावकारी धंदा. मोटरसायकलवर रोज दारात येणारे बरेच सावकार पंजाबी असतात, आणि कुठलाही भारतीय तिथे ‘बुंबाय’. मुंबईचं नाव अशा रूपात तिकडच्या गल्लीबोळांत पोचलं आहे. संस्थेच्या २ टक्क्यांपेक्षा त्याचं व्याज दहापट, तरी आधी त्याला देतात. तो परका आहे, रोज येतो आणि थोडं मागतो. संस्थेबद्दल म्हणतात, ‘आतिन नामान यान’, ती आपलीच आहे की, थांबेल. सभासदांना मालकी पटवण्यासाठी सहकाराने वर्षानुवर्षं जे सांगितलं तेच वसुलीला नडतं.

नकाराची जागा बदलली

एप्रिल २०२४ पासून संस्थेने रचना बदलली. सगळ्यांत जास्त फरक पडला तो नात्यांच्या नोंदीने. दर जानेवारीत प्रत्येक कर्मचारी आणि समिती सदस्य एक फॉर्म भरतो. रक्ताच्या नात्यापलीकडे त्यात चार प्रश्न आहेत: बाप्तिस्मा, कन्फर्मेशन किंवा लग्नात कोण कोणाचं निनोंग-निनांग, तुम्हाला नोकरी लावायला कोणी शब्द टाकला, दवाखाना, मयत किंवा शिक्षणासाठी कोणी मोठी मदत केली, एकाच वाड्यात कोण राहतं. एवढंच. ‘मित्र’ असा रकाना पहिल्या मसुद्यात होता. तो भरला तेव्हा कुठलीच फाईल कोणालाच हाताळता येईना, म्हणून काढला. फॉर्ममध्ये ज्याचं नाव आहे त्याच्या कर्जाचा अर्ज, भेट, मंजुरी, वसुली यांपैकी काहीही त्या कर्मचाऱ्याकडे जात नाही. फॉर्म मॅनेजरच्या कपाटात बंद असतो, तो चर्चेला येत नाही.

यातून कर्मचाऱ्याला एक सांगण्याजोगं वाक्य मिळालं: ‘पारे, तुझी फाईल माझ्याकडे नाही, नियमच आहे.’ नकार नियमाने दिला, नातं शाबूत राहिलं. कर्ज अधिकाऱ्यांनी सुरुवातीला हा फॉर्म अविश्वास समजून घेतला. दोन महिन्यांत तेच नव्या नोंदी आणून द्यायला लागले.

वसुलीचं वेळापत्रकही पुढे सरकवलं. आधी पहिली हालचाल हप्ता चुकल्यावर तीस दिवसांनी व्हायची. तोवर सभासद तोंड चुकवायला लागलेला असतो. आता मुदतीच्या सात दिवस आधी मोबाइलवर निरोप जातो. तेव्हा कोणी थकबाकीदार नसतो, त्यामुळे कोणाला ओशाळावं लागत नाही. मुदत उलटल्यावर तिसऱ्या दिवशी फोन, सातव्या दिवशी भेट, तिसाव्या दिवशी सभासद आणि जामीनदार दोघांना पत्र, साठाव्या दिवशी तडजोड समिती. ही समिती संहितेनेच प्रत्येक संस्थेला सक्तीची केली आहे आणि संस्था-सभासद वाद आधी तिच्यापुढेच जायचा असतो. बारांगायच्या लुपोनकडे, म्हणजे गावच्या तडजोड मंडळाकडे, संस्था जाऊ शकत नाही, तो मार्ग व्यक्ती-व्यक्तींमधल्या वादांचा. शेवटी लघुदावा न्यायालय. एप्रिल २०२२ पासून त्याची मर्यादा १० लाख पेसो आहे आणि तिथे वकील उभा राहत नाही. या संस्थेने वर्षात चारच दावे टाकले. दावे थोडे, पण वेळापत्रकाच्या शेवटी ते खरोखर आहेत हे गावाला कळणं गरजेचं होतं.

भेटीला दोघं जातात. एक जण दुसऱ्या बारांगायचा, बोलायचं त्याने. दुसरा कोणी ओळखीचा, वयस्क. तो पैशाचा शब्द काढत नाही, त्याच्या असण्याने दार उघडतं. आदल्या दिवशी निरोप जातोच. न कळवता दारात जाणं म्हणजे शेजाऱ्यांना बोलावणं. खाणं नाकारायचं नाही. मात्र कागद खाण्याच्या आधी टेबलावर ठेवायचा, ‘निघताना हा पाहू’ म्हणून. कॉफीनंतर तो बाहेर काढायचं धाडस लागतं, आधीच ठेवलेल्या कागदाला लागत नाही. निघताना पुढची तारीख आणि रक्कम, भले ५०० पेसो का असेनात, सभासदाने स्वतःच्या हाताने लिहायची.

जामीनदाराची गोष्ट जास्त नाजूक होती. बहुतेक जामीनदार लाजेपोटी सही करतात. शेजारी कागद घेऊन दारात आला की ‘नाही’ म्हणता येत नाही. मग थकल्यावर ‘मला वाटलं नुसती सही आहे’. आता जामीनदाराला कर्जदाराशिवाय, वेगळ्या दिवशी बोलावतात. त्याच्याच पगारातून किंवा ठेवीतून किती कापलं जाऊ शकतं तो आकडा कागदावर दाखवतात आणि तीन दिवस देतात. त्या तीन दिवसांत त्याने माघार घेतली तर कर्जदाराला जाणारं पत्र एवढंच म्हणतं: ‘समितीने दुसरा जामीनदार मागितला आहे.’ कारण समिती स्वतःवर घेते. पहिल्या सहा महिन्यांत दर पाच जामीनदारांतला एक असा गळाला. ही गळती चांगली. ते जामीन मुळात नव्हतेच.

कर्ज देण्याची पद्धतही बदलली. पूर्वी अधिकारी घरी जाऊन सांगायचा, ‘तुमचं मी करून घेतलं.’ त्या वाक्याने संस्थेचं कर्ज अधिकाऱ्याचा उपकार होऊन बसायचं आणि परतफेडही त्याच्याचकडे, तांदळाच्या पोत्याने, व्हायची. आता मंजुरीचं पत्र कर्ज समितीच्या नावाने जातं आणि पैसे काउंटरवरच मिळतात. दर बुधवारी कर्ज घेणाऱ्यांना वीस मिनिटं बसवून कर्जनिधी कुठून येतो ते सांगतात: बाजारातल्या मासळीवाल्या, निवृत्त शिक्षक, परदेशात घरकाम करणाऱ्या मुलींनी आईच्या नावे पाठवलेल्या ठेवी. नाव कोणाचं घेत नाहीत, पण गाव छोटं आहे, लोकांना कळतं. समोर न दिसणारी ठेवीदार अशी थोडी दिसायला लागली.

वैयक्तिक बक्षीस बंद झालं. तिमाहीअखेर संपूर्ण शाखेची जोखमीतली बाकी ठरल्यापेक्षा खाली असेल तर चौदाजणांना सारखा बोनस. जोखीम मोजायची पद्धतही कडक केली: एक हप्ता तीस दिवस थकला की त्या कर्जाची उरलेली सगळी बाकी जोखमीत. आणि सोमवारच्या बैठकीत बोलण्याआधी प्रत्येकाने एक कोरी चिठ्ठी भरून डब्यात टाकायची, नाव न घालता. मॅनेजर चिठ्ठ्या वाचते आणि सगळ्यांत शेवटी बोलते. पहिल्याच आठवड्यात एका चिठ्ठीवर खाते क्रमांक तेवढा होता, बाकी काही नाही. त्या खात्यावर दोन नवं-जुनी निघाली.

नफ्यातून गेलेलं

१४ टक्क्यांचा अर्थ सभासदांना वार्षिक सभेत समजावावा लागला. पतसंस्थांच्या निकषाप्रमाणे बारा महिन्यांपेक्षा जुन्या थकबाकीवर १०० टक्के आणि त्याहून ताज्या थकबाकीवर ३५ टक्के तरतूद करायची. ६ लाख जुने आणि १९ लाख २० हजार ताजे, म्हणजे तरतूद १२ लाख ७२ हजार. हाताशी होती साडेतीन लाख. तूट ९ लाख २२ हजार. १४ लाखांचा नफा ४ लाख ७८ हजारांवर आला.

संहितेप्रमाणे नफ्यातून किमान १० टक्के राखीव निधी, १० टक्क्यांपर्यंत शिक्षण-प्रशिक्षण, किमान ३ टक्के गावविकास आणि ७ टक्क्यांपर्यंत ऐच्छिक निधी. हे ३० टक्के वजा जाऊन सभासदांना वाटायला ९ लाख ८० हजारांऐवजी ३ लाख ३४ हजार ६०० उरले. अडतीस घरांना सांभाळून घेण्याचे पैसे २,४०० घरांनी भरले. सभेत हा तक्ता पडद्यावर दाखवला तेव्हा कोणाचंही नाव न घेता जे काम झालं ते फलकाने झालं नव्हतं.

वर्षभरात जोखीम १४ वरून ८ टक्क्यांवर आली, ५ च्या आत आली नाही. ३८ पैकी अकरा खाती खरोखर वादळाने बुडालेली होती. त्यांचं उघड पुनर्गठन झालं, मुदत दोन वर्षं, हप्ता कापणीनंतर, संस्थेला विकलेल्या पालायच्या पैशातून लेखी संमतीने कापून. ही खाती आता उत्तम चालतात. नवं-जुनं न करता दीड वर्षापूर्वी हेच झालं असतं तर त्या घरांवरचा बोजा तिसऱ्या हिश्शाने कमी असता. मूळ प्रकरणातला कर्ज अधिकारी खत विभागात गेला. त्याला शिक्षा झाली नाही, त्याने केलं ते समितीच्या सहीनेच झालं होतं. पण कर्ज विभाग त्याला पुन्हा नको आहे.

मार्चची सभा

एक जागा अजून दुखते. वार्षिक सर्वसाधारण सभा बहुतेक संस्थांत मार्च संपायच्या आत होते आणि मतदानाचा हक्क ‘मिग्स’ना, म्हणजे ज्यांचं कर्ज आणि भागभांडवल नियमित आहे अशा सभासदांना असतो. त्यामुळे जानेवारी ते मार्च या काळात नवं-जुन्याला ऊत येतो: कर्ज कागदावर ताजं झालं की मत मिळतं, आणि ज्याने ते करून दिलं त्याला ते मत जातं. इथे उतांग ना लोओब थेट मतपेटीत उतरतो. संस्थेने २०२५ पासून मतदारयादी ३१ डिसेंबरच्या बाकीवर गोठवली आणि सभा होईपर्यंत कुठलंही नूतनीकरण बंद केलं. पहिल्याच वर्षी एक विद्यमान संचालक स्वतःच यादीबाहेर गेला.

त्याचं कर्ज १ लाख ९० हजारांचं आहे. फाईल संचालक मंडळाकडे पाठवण्यात अर्थ नाही, तिथे सगळे त्याचे सहकारी. ती लेखापरीक्षण समितीकडे दिली आहे, कारण संहितेनुसार ही समिती सर्वसाधारण सभाच निवडते, मंडळाने नेमलेली नसते. समितीत तिघं आहेत. त्यांपैकी एकाच्या लग्नात हा संचालक निनोंग होता. त्याने जानेवारीतच तसा फॉर्म भरून दिला, आणि फाईल उरलेल्या दोघांकडे आहे.